सुमनबाईंचा मजकूर

पानाची मांडणी करणारा माणूस पान वाचत नाही, बघतो. हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. त्याला वाटतं, मासिकाचं काम करणारा माणूस दिवसभर वाचतच बसत असेल. आमच्याकडे उलट आहे. मजकूर आला की तो पानावर ओतायचा, खुर्ची मागे सरकवायची आणि डोळे बारीक करायचे. डोळे बारीक केले की अक्षरं पुसट होतात आणि पानावर नुसते करड्या रंगाचे ठोकळे उरतात. हा ठोकळा जड झालाय, तो जरा खाली घ्या, इथं थोडी हवा खेळू द्या, असं मनाशी म्हणत ते हलवायचे. ठोकळ्यात कुणाच्या लग्नाची बातमी आहे की कुणी गेल्याची, याच्याशी आपला संबंध नाही.

हे काम मी हैदराबादेत पस्तीसेक वर्षं केलं. आधी छापखान्यात, मग संगणकावर, आणि शेवटची काही वर्षं डिझाइनच्या एका कॉलेजात शिक्षक म्हणून. अंकासाठी लिहा म्हणताना संपादकबाई म्हणाल्या, "तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा, लोक आवडीनं वाचतात." गमती आहेत, एक-दोन सांगतोही. पण गेलं वर्षभर एकच गोष्ट माझ्या डोक्यात बसली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला दुसरं काही लिहिता येईल असं वाटत नाही.

सुरुवात नारायणगुड्यातल्या छापखान्यात झाली. तिथं तेलुगू, हिंदी, मराठी अशी तिन्ही कामं यायची. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, उचलून ओळ जुळवायची, तीही उलटी. माझ्या शेजारच्या केसवर, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीपाशी, नरसिंग उभा असायचा. तो तेलुगू. देवनागरीची अक्षरं त्याला तोंडपाठ होती, हिंदी कळायचं, मराठीचा मात्र अर्धामुर्धाच पत्ता लागायचा. तरी मराठी जुळवणीत त्याच्या चुका माझ्यापेक्षा कमी. "अर्थ कळला की हात घाई करतो," असं तो म्हणायचा. "मैं खाली अक्षर देखता, तू मजमून देखता. तेरी गलती उधर होती." पण पान बांधून झालं, कच्ची प्रत निघाली, की हात पुसून माझ्यापुढे उभा राहायचा. "अब सुना. क्या लिखा है इसमें?" मग मी त्याला वाचून दाखवायचो. गणेशोत्सवाच्या अहवालापासून कुणाच्या तेराव्याच्या पत्रिकेपर्यंत सगळं. ऐकल्याशिवाय तो चहाला यायचा नाही.

पुढे खिळे गेले, संगणक आले. नरसिंगनं नारायणगुड्यातच टायपिंगचं छोटं दुकान टाकलं आणि मी एका डिझाइन स्टुडिओत लागलो. तिथं मला रिकाम्या जागेचं वेड लागलं. छापखान्यात जागा सोडली तर मालक ओरडायचे. इथं जागा सोडणाऱ्याला हुशार समजत. त्या भरात एकदा कोठी भागातल्या एका औषधांच्या दुकानदाराचं काम आलं. त्याचे वडील वारले होते आणि त्यांच्या आठवणींची पुस्तिका काढायची होती. मी फार मन लावून केली. डाव्या पानावर काही नाही, उजव्या पानावर खाली कोपऱ्यात वडिलांचा छोटासा फोटो, त्याखाली एक ओळ. दुकानदारानं पानं उलटली, पुन्हा उलटली, चष्मा काढला आणि म्हणाला, "साब, मेरे वालिद इतने खाली आदमी नहीं थे."

हा किस्सा मी प्रत्येक वर्गात सांगायचो. पोरं खो-खो हसायची. गिऱ्हाईक कसं अडाणी असतं, हे शिकवण्यासाठी सांगायचो.

कॉलेजात तिसऱ्या वर्षाला माझा एक ठरलेला प्रकल्प असायचा: चोवीस पानांचं मासिक, मांडणी मिनिमलिस्ट. सोप्या भाषेत सांगायचं तर कमीत कमी. एकच टाइप, फार तर दोन आकार, एकच रंग, आणि बाकी कागद मोकळा. पोरांना वाटतं हे सोपं आहे, काही करायचंच नाही. पण भरलेल्या पानावर चूक लपते, मोकळ्या पानावर ती लांबून दिसते. समास एका बाजूला जरा जास्त झाला तरी पान लंगडतं. म्हणून मी आधी त्यांना हवं ते सगळं भरू द्यायचो, त्याची छापील प्रत मागवायचो, आणि मग लाल पेन्सिल घेऊन बसायचो. हे कशाला? हे काढ. हेही काढ. अजून कमी कर.

मयूरी अशाच एका वर्गात होती. सडपातळ, बोलायला थोडी तुटक, हात मात्र फार सुरेख. तिचे वडिलांकडचे आजी-आजोबा मराठवाड्यातून कामासाठी इकडे आलेले, आई लग्न होऊन आली. वडील ती आठवीत असताना वारले. आई, सुमनबाई, कोठीतल्या एका छोट्या प्रसूतिगृहात आया होत्या. मायलेकी भाड्याच्या दोन खोल्यांत राहायच्या. वर्गात मराठी आम्ही दोघंच, पण आमचं मराठी बोलणं मधल्या सुट्टीपुरतं.

"सर, मी मम्मीच्या कामावर मासिक करते," ती म्हणाली. "नाव 'डूटी'. ती तसंच बोलते, डूटी."

"छान आहे. मजकूर?"

"मम्मी लिहायली. मी एक वही दिली तिला. सातवीपर्यंत शिकली ती, गावात. लिहिते बराबर."

"मग तू वाचलंस का?"

ती जराशी ओशाळली. "सर, बोलते मी, पण वाचायला लई टाइम लागतो. अन् हाताचं अक्षर तर नाहीच येत. शाळेत तेलुगू अन् इंग्लिशच होतं ना. मम्मी विचारते, वाचलं का, तर मी हौ म्हणते."

यात मला काही विशेष वाटलं नाही. आमच्याकडच्या बहुतेक मराठी पोरांचं असंच आहे. मी तिला नरसिंगच्या दुकानाचा पत्ता दिला. म्हटलं, तिकडे वही दे, टाइप करून मिळेल.

नरसिंगनं आठवड्यात वही टाइप केली. त्यानं ती कशी केली असेल हे मला ठाऊक होतं. अक्षराकडे बघत, अर्थाकडे न बघता, एकही चूक न करता. आता समोर कुणी वाचून दाखवणारं नव्हतं, त्यामुळे त्यात काय लिहिलं आहे हे त्यालाही कळलं नसणार. त्यानं फाइल मयूरीला दिली, मयूरीनं ती पानांवर ओतली, आणि पहिली छापील प्रत घेऊन ती माझ्या टेबलाशी आली.

जाडजूड गठ्ठा होता. पानामागून पान मजकूर, परिच्छेद न पाडता. मी खुर्ची मागे सरकवली आणि डोळे बारीक केले.

"फार जड झालंय, मयूरी."

"हौ सर."

"हे बघ, इथून इथपर्यंत काय आहे?"

"काय की. मम्मीच्या कामाचंच असंल."

मी लाल पेन्सिल घेतली. उभी रेघ मारून अर्धं पान काढून टाकलं. पुढच्या पानावर तिरपी रेघ मारली. काही ठिकाणी ओळीओळीवर मारली, कारण मधलं एखादं छोटं वाक्य तेवढं उचलायचं होतं, आणि ते मी अर्थासाठी नाही, लांबीसाठी निवडत होतो. दोन-तीन शब्दांचं वाक्य मोठ्या टाइपात फार देखणं दिसतं. 'हात धुतले.' 'बाळ रडलं.' अशी वाक्यं आम्ही दोघांनी मिळून वेचली. ती आकार बघून वेचत होती, आणि मीही. फरक एवढाच, की मला वाचता येत होतं.

असं चार-पाच वेळा झालं. दर खेपेला ती आणखी कमी करून आणायची आणि मी म्हणायचो, "अजून." ती हुशार होती, तिला मर्म कळलं. शेवटी चोवीस पानांत पाच वाक्यं उरली. फिकट करड्या रंगात, बारीक टाइपात, कागदाच्या मधोमध नाही तर जराशी खाली, जिथं डोळा थोडा शोधून मग थांबतो. मधल्या दोन पानांवर सुमनबाईंच्या हातांचा एक फोटो, बाकी काही नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अंक हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. म्हणाले, "या मुलीला थांबायचं कुठे हे कळतं." वर्गात पहिली आली. मला स्वतःचाच अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

वर्षाअखेरी कामांचं प्रदर्शन असतं. त्याला सुमनबाई आल्या. सकाळची डूटी संपवून थेट आल्या असाव्यात. साडी कामावरचीच, वरून स्वेटर. मयूरीनं ओळख करून दिली आणि तिला कुणीतरी हाक मारली म्हणून ती पलीकडे गेली. सुमनबाईंनी आधी पदराला हात पुसले, मग अंक उचलला.

पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं. दोन पानं चिकटली असतील असं वाटून त्यांनी बोटानं कडा वेगळी करून पाहिली. शेवटापर्यंत गेल्या, मग मागून पुढे आल्या. अक्षर बारीक म्हणून अंक दूर धरला, जवळ धरला. हातांच्या फोटोपाशी थांबल्या. माझ्याकडे बघून हसल्या.

"छान आहे, सर. स्वच्छ आहे."

"तुमच्या मुलीचा हात फार चांगला आहे."

"हौ." मग हळू आवाजात, "मी वहीत जरा जास्त लिवलं होतं."

"बाई, त्याचं असं असतं," मी त्यांना समजावू लागलो, "या प्रकारात कमी शब्दांत जास्त सांगायचं असतं."

त्यांनी मान हलवली. "तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हाला कळतं ते." आणि जाता जाता वळून म्हणाल्या, "तुम्ही वाचलं ना पण सर, सगळं?"

"वाचलं की," मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला तेव्हा नीट कळलं नाही. बरं वाटल्यासारखं काहीतरी होतं. "मग झालं," म्हणाल्या आणि मयूरीला शोधत गेल्या.

पुढच्या वर्षी मयूरी बाहेर पडली आणि एका कंपनीत लागली. मोबाइलवरच्या अॅपचे पडदे रेखाटायचं काम. तिथंही कमीत कमीच लागतं. मी आणखी दोनेक वर्षं शिकवून निवृत्त झालो. त्याआधीच्या दोन वर्गांना मी 'डूटी' दाखवायचो. एका हातात तिची पहिली प्रत आणि दुसऱ्या हातात छापलेला अंक. "हे आधी, हे नंतर," असं म्हणायचो. पहिल्या प्रतीतली पानं पोरं नाक मुरडत एकमेकांकडे द्यायची. त्यांच्यात कुणाला मराठी येत नव्हतं.

सुमनबाई गेल्याचं मला दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून कळलं. कामावर असतानाच छातीत दुखायला लागलं. पित्त असेल म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही, एका बाईची सुटका होईपर्यंत थांबल्या आणि मग बाकावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. मी मयूरीला फोन केला, जे बोलायचं असतं ते बोललो. ती "हौ सर, हौ सर" म्हणत राहिली.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी ती नल्लकुंट्याला माझ्या घरी आली. रविवारची दुपार होती. आधी फोनवर फक्त एवढंच म्हणाली होती, "सर, एक काम होतं." आली, पाणी प्यायली, आणि ग्लास हातात धरूनच बसली.

"सर, 'डूटी'ची पहिली फाइल तुमच्याकडं आहे का? सगळा मजकूर असलेली?"

"फाइल तुझ्याकडेच असणार ना?"

"नरसिंग सरांनी दिली त्याच फाइलीत मी काढत गेले. दर टाइमला सेव्ह करत गेले. शेवटची तेवढी आहे." मग म्हणाली, "मम्मीचं लिहिलेलं काहीच नाही माझ्यापाशी, सर. फोटो आहेत. फोनमध्ये तिचा आवाज आहे, सगळं 'भाजी आण, लवकर ये' असंच. तिनं एवढं लिहिलं होतं, अन् मी वाचलंच नाही. आता मी वाचायला शिकायले. यूट्यूबवर बघून. येतं हळूहळू. पण वाचू काय?"

"वही?"

"वही नरसिंग सरांकडंच राहिली. नंतर आणते, नंतर आणते म्हणत."

मी तिथल्या तिथे नरसिंगला फोन लावला. त्याचं दुकान बंद होऊन वर्ष होऊन गेलं होतं. डोळ्यांनी दगा दिला म्हणून तो मुलाकडे राहायला गेला होता. संगणक विकले, कागद रद्दीत घातले. वही त्याला आठवत होती. "नीली वही थी ना? अच्छा अक्षर था उस अम्मा का, सीधा-सीधा." मग म्हणाला, "क्या लिखा था रे उसमें?"

मलाही माहीत नव्हतं.

फोन ठेवल्यावर मयूरीकडे बघायचं धाडस होईना. मग एकदम आठवलं. कॉलेज सोडताना मी वर्गात दाखवायच्या नमुन्यांचे गठ्ठे घरी आणले होते. माळ्यावरून ते काढले. धूळ झटकत एकेक पिशवी उघडली. 'आधी' असं मीच लिहिलेल्या पाकिटात तिच्या पहिल्या प्रतीची पानं होती. सगळी नाही. वर्गात दाखवायला मी त्यातली 'सर्वांत वाईट' अकरा तेवढी ठेवली होती, बाकीची केव्हाच टाकली होती.

अकराही पानांवर माझी लाल पेन्सिल होती. रेघेखालची अक्षरं मात्र दिसत होती.

मयूरीनं एक पान हातात घेतलं, ओठ हलवत दोन ओळी वाचल्या, मग अडली. पान माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही वाचा ना सर. तुम्ही तर वाचलेलंच आहे."

तेव्हा मला तिला सांगावं लागलं. "मी वाचलेलं नाही, मयूरी. मी तेव्हा नुसतं बघितलं. तुझ्या आईला खोटं सांगितलं, की वाचलं म्हणून."

तिला राग येईल असं वाटलं होतं. आला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी पण तेच सांगितलं तिला." आणि टेबलावरची पानं नीट एकावर एक लावू लागली.

मग मी वाचायला लागलो. सुमनबाई लिहायच्या तशाच बोलत असाव्यात. पहिल्या पानावर त्या सकाळी किती वाजता उठतात, चादरी कशा उकळतात, डॉक्टरबाईंच्या चपला कुठं ठेवतात, हे सगळं. मधूनच मयूरी मला थांबवायची. "असं नाही, सर. मम्मी 'डाक्टरीण' म्हणायची." मी पुन्हा तिच्यासारखं म्हणायचो. तिसऱ्या-चौथ्या पानावर एका बाईची हकिगत होती:

"तिचं तिसरं बी पोटातच गेलं. ती मला म्हनली, मावशी, येकदा हातात द्या. सगळे नको म्हनले. मी दिलं. पाच मिन्टं. मग मी इचारलं, नाव काय ठिवनार होतीस. तिनं सांगितलं. ते नाव मी कोणालाच सांगितलं नाही, अन् हितं बी लिवत नाही."

या मजकुरावर मी उभी रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'फार लांब'.

नववं पान हाताला आलं तेव्हा ऊन खिडकीतून गेलं होतं. वरच मयूरीचं नाव दिसलं. मी एकदा मनात वाचावं म्हणून थांबलो, पण तिनं ते पाहिलं. "मोठ्यानं, सर," ती म्हणाली. मी वाचलं:

"मयूरी झाली तवा मी डूटीवरच होते. दुपारी एका बाईला टेबलावर घेतलं अन् माझ्याच पोटात कळ आली. शिस्टर म्हनली, सुमन, तू बाजूच्या खाटंवर पड. त्या बाईला पोरगा झाला, मला पोरगी. त्या बाईकडं पेढे आले. माझ्याकडं ज्यांनी यायचं ते आले नाहीत. पोरगी झाली म्हनून तीन दिस आले नाहीत. यादम्मा झाडायला होती, तिनं माझ्या पोरीला पुसलं अन् माझ्यापाशी आनलं. पोरगी रडंना. लोकाच्या लेकराला मी तळपायाला टिचकी मारून रडवते, पन माझ्या पोरीला मला मारू वाटंना. यादम्मानंच मारली. मंग रडली. मंग मी बी रडले."

मयूरी पुटपुटली, "ती सांगायची, पप्पांनी मला पहिले उचललं म्हणून. दर वाढदिवसाला सांगायची."

मी पुढे वाचलं, कारण न वाचून आता चालणार नव्हतं.

"मी तिला सांगत आले, की तुझ्या पप्पांनी तुला आधी उचललं. ते खरं नाही. नंतर त्यांनी लई जीव लावला, ते खरं हाय. पन ती आता बाईमानूस झाली, तिला खरं ठाऊक पाहिजे. मला तोंडानं सांगायला जमत नाही. तिला हे वाचता येत नाही, मला ठाऊक हाय. ती हौ म्हनते, पन मी तिची माय हाय. म्हनूनच हितं लिवायले. तिचे सर मराठी हायेत. सर, हे छापू नका. तेवढं तिला वाचून दाखवा, तिला येळ असंल तवा."

या शेवटच्या ओळींवरून माझी लाल रेघ तिरपी गेली होती. छापू नका, हे तेवढं मी पाळलं होतं.

मी पान खाली ठेवलं. "माफ कर," म्हणालो. मयूरीनं ते पान स्वतःकडे ओढलं आणि बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत, शेवटच्या चार ओळी पुन्हा वाचल्या. मी मदत करायला गेलो तर तिनं हातानंच थांबवलं. 'तिचे सर' पाशी ती अडखळली नाही. 'येळ असंल तवा' पाशी मात्र थांबली, ते तिनं दोनदा वाचलं.

ती अकरा पानं तिच्याकडे आहेत. मी म्हटलं होतं, आपण ती नव्यानं टाइप करू, नीट मांडू. ती म्हणाली, "मांडायचं नाही, सर. अशीच राहू दे." आता पंधरा-वीस दिवसांनी एखाद्या रविवारी येते, पिशवीतून एक पान काढते आणि वाचून दाखवते. मी ऐकतो. चुकली तरी बोलत नाही, कारण पुष्कळदा ती चूक नसते, सुमनबाई तसंच बोलत असतात.

त्या पहिल्या दुपारी निघताना, चपला घालता घालता तिनं मला विचारलं, "सर, हे माझ्या जन्माचं लिहिताना मम्मी रडत असंल का?"

मी पान पुन्हा हातात घेतलं. उगाचच. आयुष्यभर मी अक्षरांकडेच बघत आलो. हाताचं अक्षर असतं तर लेखणी कुठे दाबली, कुठे थांबली, कुठे ओळ खाली उतरली, यावरून काहीतरी सांगता आलं असतं. पण माझ्यासमोर टाइप होता. टाइपात 'चादरी उकळल्या' आणि 'मी बी रडले' एकसारखंच दिसतं.

"नाही कळत गं," मी तिला सांगितलं.